हास्यबंदीचा हुकूम आणि एका बाद टेकची हकीकत

तिकीट काढून अंधारात बसणारे, पुढच्याचे डोके आडवे आले तरी थोर मनाने मान वाकडी करून पाहणारे, ऐसे जे सकळ गुणांचे जाणते रसिकजन, त्यांचे हुजूर लेखकाचा मुजरा. लिहिण्यास कारण की, ‘कपाट आत येतंय’ या विनोदी चित्रपटाची मोहीम कैसी उभी राहिली, कोणी कैसी शिकस्त केली, घात कोठे जाहला, प्रदर्शनाची तारीख तीन वेळा मुक्रर होऊन तीन वेळा कैसी मोडली आणि अखेरीस फत्ते कैसी जाहली, हा सारा मजकूर साद्यंत लिहून ठेवावा ऐसी आज्ञा जाहली. आज्ञा कोणाची, हे शेवटी कळेल. जे कानी पडले ते लिहिले, आणि जे पडले नाही ते लेखकाने आपल्या अकलेने भरले. बखरीस तितके माफ असते.

तर राजमान्य दिग्दर्शकराव हे मूळचे पंपाकडील. पाण्याचे पंप करणाऱ्या एका कंपनीच्या चाकरीत त्यांनी अकरा वर्षे काढली, आणि ‘पंपाची निगा’ भाग पहिला, भाग दुसरा व भाग तिसरा ऐसे तीन माहितीपट पाठोपाठ जिंकले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. परंतु दुसऱ्या भागाचे समयी ऐसे घडले की, पंप सुरू होता होईना, आणि रावांनी पंपाकडे पाहून, कोणास ऐकू जाऊ नये म्हणोन अगदी हळू म्हटले, “याला आधी चहा लागतो बहुतेक.” त्यांच्या सदऱ्यास माइक होता हे ते विसरले होते. पलीकडे कानाला हेडफोन लावून एक ध्वनिमुद्रक बाई बसल्या होत्या. त्यांचे आधी नुसते खांदे हलले, मग तीन उचक्या आल्या, आणि मग थंडीत बंद पडलेली स्कूटर चौथ्या लाथेला सुरू व्हावी तैसे त्यांचे हसू सुरू जाहले, ते मीटरचा काटा पार टोकाला जाऊन आपटला तरी थांबेना. रावांनी त्याच क्षणी मनाशी निश्चय केला की, या बाईस जन्मभर हसवीत राहावे. मग पुढे उभयतांचा विवाह जाहला, आणि बाईंस आमचे दप्तरी ‘ध्वनिनवीस बाईसाहेब’ हा किताब मिळाला. चाकरी सोडोन विनोदी चित्रपट काढण्याचा घाट रावांनी घातला, तो मुळात या एका हसण्यासाठी, हे त्यांनी कोणास सांगितले नाही.

बाईसाहेबांचे वडीलबंधू गाद्यांचे कारखानदार. त्यांना रावांनी गळ घातली आणि मेहुणेसाहेब निर्माते होण्यास राजी जाहले. चित्रपटाचे कथानक सोपे होते. एका कुटुंबाने एक अजस्र कपाट आणले, ते दारातून आत जाईना, आणि अखेर कुटुंबच बाहेर राहू लागले. मुख्य भूमिकेस सारे ज्यांना नुसते ‘मामा’ म्हणतात ते बुजुर्ग विनोदवीर मुक्रर जाहले. कपाट मेहुणेसाहेबांच्या पत्नीचे, म्हणजे वहिनीसाहेबांचे, माहेरून आलेले, सागवानी, सात फुटी, आरसेबंद. ते देतेवेळी वहिनीसाहेबांनी करार सांगितला की, त्यावर एक ओरखडा उठला तर चित्रपट राहिला बाजूला, आधी मेहुणेसाहेबांचा निकाल लागेल. मग साठ माणसांची फौज, दिवे, तारा, पायऱ्यांवर अंथरायच्या गाद्या आणि चहाचा बंब ऐसा सरंजाम घेऊन राव एका तीन मजली इमारतीच्या जिन्यात दाखल जाहले.

चित्रीकरणाचा दिवस पहिला, प्रहर दुसरा. प्रसंग ऐसा की, कपाट तळमजल्यावर उभे, मामा त्यात अडकलेले, बाहेर सारे घर चिंतेत. टेक पहिला. कपाटाचे दार उघडले, आणि मामा आतून ऐटीत बाहेर आले, केस सारखे केले, मागे वळून कपाटाकडे एकवार पाहिले आणि घरमालकास म्हणाले, “आत आणखी एक खोली निघेल.”

ऐसा टेक शंभर वर्षांत एखादा येतो. आणि नेमके त्याच वेळी कॅमेऱ्यामागे बाईसाहेबांचे खांदे हलले, मग तीन उचक्या आल्या, आणि मग सारा जिना त्या हसण्याने भरून गेला. मामा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी भूमिका सोडली नाही. हसणे ज्या दिशेने आले तिकडे लवून पाहिले आणि कपाटाचे दार हाताने उघडे धरून “या ना” ऐसी खूण केली. परंतु आवाज आवाजात मिसळला होता, टेक नासला होता. पुढे त्याच प्रसंगाचे एकतीस टेक जाहले, आणि मामांना ते वाक्य पुन्हा तैसे म्हणता आले नाही, ते नाहीच.

बाईसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. दुसऱ्याच्या खोकल्यावर, चपलेच्या कुरकुरीवर ज्यांनी जन्मभर डोळे वटारले, त्यांच्याच गळ्यातून हा घात जाहला. त्यांनी आपली ध्वनीची वही उघडली, जिच्यात प्रत्येक टेकपुढे ‘ठेवणे’ किंवा ‘बाद’ ऐसा एकच शब्द लिहायची त्यांची रीत होती, आणि पहिल्या टेकपुढे लाल शाईने ‘बाद’ लिहिले. मग भर फौजेसमोर उभ्या राहोन हुकूम जाहीर केला की, टेक चालू असता जो कोणी हसेल, मग तो लहान असो वा थोर, दिग्दर्शक असो वा दिग्दर्शकाची बायको, त्याने पुढील चहापर्यंत कपाटात उभे राहावे, आणि दार बाहेरून लावले जाईल. इतके सांगोन त्या स्वतःच कपाटात गेल्या.

“अगं, असू दे,” राव म्हणाले.

“दार लाव,” आतून आवाज आला.

रावांनी दार लावले. चहा आला तेव्हा बाईसाहेब बाहेर आल्या, परंतु ते हसणे काही बाहेर आले नाही. त्या दिवसापासोन सेटवर नाही, गाडीत नाही, घरी स्वयंपाकघरात नाही, कोठेही रावांना ते पुन्हा ऐकू आले नाही, आणि रावांच्या मनात ऐसा किडा शिरला की, हिला आपला चित्रपट विनोदी वाटतच नाही की काय. विचारण्याची त्यांची छाती होईना.

हुकमाचा अंमल मात्र कडक जाहला. फौजेने न हसण्याची विद्या हस्तगत केली. दिवेवाले दाढ काढल्याचा दिवस आठवीत. रंगभूषाकार बाई मनात एकोणतीसचा पाढा म्हणत, आणि पाढा चुकला की अधिकच गंभीर होत. कॅमेरेवाले सदऱ्याची कॉलर चावीत, ते चाळिसाव्या दिवशी त्यांच्याकडे कॉलर असलेला एकही सदरा उरला नव्हता. पहिल्या आठवड्यात कपाटापुढे रांग लागे, दुसऱ्यात एखाद-दुसरा जाई, तिसऱ्यात कपाट बहुतेक रिकामेच राहू लागले. याचा परिणाम मामांवर जाहला. साठ दगडी चेहऱ्यांपुढे पंधरवडाभर विनोद करून त्यांची पाचावर धारण बसली, आणि एके दुपारी त्यांनी रावांस एकांती बोलावून पुसले, “खरं सांग, माझं वय झालंय का रे?”

“नाही हो मामा. त्यांना हसू येतंय. ते दाबतायत.”

“किती चांगलं दाबतात,” मामा म्हणाले आणि बहुत उदास होऊन मिशी लावायला गेले.

एकोणिसावे दिवशी कपाटाचा वेढा पडला. कपाट जिन्याने वर न्यायचा प्रसंग होता. अकरा असामी लागले, आणि दुसरा मजला सर करून तिसऱ्याकडे वळता वळता कपाट जे अडकले, ते वर जाईना की खाली येईना. एल्गार केला, दोर लावले, तेल ओतले, सुताराने पाहून सांगितले की, करवतीवाचोन इलाज नाही. करवत हा शब्द ऐकताच मेहुणेसाहेबांनी कपाटास पाठ लावोन हात पसरले, जणू आधी मला कापा. मग मसलत ठरली की, पाठीची फळी स्क्रू काढून अदबीने उतरवावी, म्हणजे इमारतीतील रहिवाशांस कपाटातून ये-जा करता येईल. तैसे केले. चार दिवस त्या इमारतीत शाळेला जाणारे, कामावरून येणारे, भाजीच्या पिशव्या घेतलेले, सारे जण कपाटाच्या पाठीतून आत शिरत आणि दारातून बाहेर पडत. खालच्या फळीवर मामा विसावा घेत बसलेले असत आणि येणाऱ्यास “या, जरा वाकून” ऐसे म्हणत. हास्यबंदी या काळातही चालू होती, त्यामुळे एखादा शिक्षेस पात्र जाहलेला आत उभा असे, आणि रहिवासी त्यास “जरा सरकता का?” म्हणोन वाट काढीत.

पाचवे दिवशी वहिनीसाहेब खुद्द आपले कपाट पाहण्यास आल्या. फौजेची बोबडी वळली. वहिनीसाहेबांनी दोन पायऱ्या चढून वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, खालचा ड्रॉवर बाहेर आलाय. तो आत ढकला की.”

ढकलला. कपाट लोण्यासारखे सुटले. अकरा मर्द, एक सुतार आणि दोन बंब चहा चार दिवस ज्यासाठी खर्ची पडले, ते एका ड्रॉवरने रोखले होते, हे पाहून कोणास हसू आले नाही, कारण सवय मोडली होती. या चार दिवसांमुळे पुढचे दिवस कोसळले, मामांच्या तारखा गेल्या, इमारतीस रंग देण्याचे निघाले, आणि प्रदर्शनाची पहिली तारीख मोडली.

तथापि चित्रपट पुरा जाहला. आता तो वितरकसाहेबांच्या दरबारी रुजू करायचा होता. साहेबांची एक रीत सर्व मुलखात मशहूर होती. ते पडदा पाहात नसत. तीस वर्षे त्यांनी एकही चित्रपट पाहिला नव्हता. चित्रगृहात पुढे खुर्ची उलटी मांडून, पडद्याकडे पाठ आणि बसलेल्यांकडे तोंड करून, कानांत कापूस घालून ते बसत, की संवादांनी मत बिघडू नये. “पडदा काय, काहीही दाखवतो,” ते म्हणत, “आपण चेहरे वाचायचे.” आणि चेहऱ्यांसाठी माणसे ज्याने त्याने आपली आणावीत. रावांनी विचार केला की, या चित्रपटावर आपल्या फौजेइतके प्रेम कोणाचे? म्हणोन त्यांनी आपलीच साठ माणसे बसवली. येथे घात जाहला.

पडद्यावर मामा कपाटातून निघाले, जिन्यावरून घरंगळले, दूधवाल्यास आरशात पाहून दचकले. साठ जण दाढ, पाढा आणि कॉलर यांच्या आधाराने निश्चल बसले. सवय इतकी मुरली होती की, प्रत्येकाच्या पोटात हसू होते आणि तोंडावर शोक होता. बाईसाहेब तर मागच्या यंत्रखोलीत आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसल्या होत्या. दोन तासांनी वितरकसाहेबांनी कापूस काढला, रावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निकाल दिला, “काळीज पिळवटलंत. माणसं रडायचं सुद्धा विसरली.”

“साहेब, विनोदी आहे तो.”

“चेहरे खोटं बोलत नाहीत. दुःखाचे दोन सिनेमे रांगेत आहेत. तुमचा तिसरा लावू.”

ऐसी दुसरी तारीख मोडली. रावांनी हात टेकले नाहीत. त्यांनी फौज अंगणात जमवून फर्मान काढले की, येत्या मंगळवारी सर्वांनी हसावे. परंतु हसणे आता कोणास येईना. मग कवायत सुरू जाहली. उजव्या बाजूने ‘हा हा’ करावे, डाव्याने ‘ही ही’, आणि मधल्यांनी मांडीवर थाप मारावी. कोठे हसायचे याचा घोळ नको म्हणोन पडद्याखाली एक तांबडा दिवा बसवला, आणि संकलक, म्हणजे चित्रपट कापून जोडणारे जे गृहस्थ, त्यांच्या हाती बटण दिले. दिवा लागे तोवर हसावे, विझताच थांबावे. मंगळवारी दिवा लागला, आणि फौज हसली, आणि बटण तिथेच अडकले. दिवा विझेना. हुकूम म्हणजे हुकूम, म्हणोन कोणी थांबेना. सलग अकरा मिनिटे साठ तोंडे हसत राहिली आणि एकशे वीस डोळे त्या दिव्याकडे भेदरून पाहात राहिले. कॅमेरेवाल्यांच्या बरगडीत चमक भरली. मांड्या लाल जाहल्या. वितरकसाहेब हळूहळू खुर्चीसकट मागे सरकू लागले.

“मी चुकलो होतो,” ते बाहेर येऊन म्हणाले, “हा भीतीचा सिनेमा आहे. माणसं घाबरली की अशीच हसतात.” आणि त्यांनी तिसरी तारीख मोडून नवे पोस्टर काढण्याचा हुकूम दिला, ज्यावर अंधारात अर्धवट उघडे कपाट आणि त्यातून बाहेर आलेला एक हात होता.

आता मेहुणेसाहेब मैदानात उतरले. वितरकसाहेबांची पाठ उलट्या खुर्चीत बसून बसून दुखे, हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी कारखान्यातील उत्तम गादी नजराणा म्हणोन रवाना केली, आणि तह जाहला की, शुक्रवारी दुपारी एक वेळ, शेवटची, पुन्हा चेहरे वाचले जातील. त्यात ठरले तर ठरले, नाही तर चित्रपटाचे डबे फडताळात जातील. त्याच दिवशी पंपाच्या कंपनीचे पत्र आले की, ‘पंपाची निगा’ भाग चौथा काढणे आहे, जुन्या माणसाने यावे, सोमवारी उत्तर द्यावे.

ते पत्र खिशात घालून राव संध्याकाळी घरी आले. बाईसाहेब भांडी घासत होत्या. राव ती फडक्याने पुसू लागले, आणि एक ताटली फार वेळ पुसत राहिले.

“पुसून झाली ती,” बाईसाहेब म्हणाल्या.

“एक विचारू?”

“विचार.”

“तुला हसू येत नाही का? सिनेमाचं.”

बाईसाहेबांनी नळ बंद केला. “मी पाहिला कुठंय? साठ दिवस काट्याकडे बघत होते. नंतर बटणाकडे. मी ऐकलाय फक्त. तोही तुकड्या-तुकड्यांनी, दार बंद झालं, पाय वाजला, मामा पडले, पुन्हा मामा पडले.”

“आणि पहिला टेक?”

“तो नको काढूस.” त्यांनी घासलेली वाटी पुन्हा घासायला घेतली. “मामांचा सगळ्यात चांगला टेक मी घालवला. तुझं नुकसान केलं मी. म्हणून मग मी ठरवलंच, हसायचं नाही.”

“पुसून टाकलास तो?”

“आवाज कोणी पुसतं का रे?” बाईसाहेब दुखावल्यागत म्हणाल्या आणि नळ पुन्हा सोडला. “बाद लिहून ठेवायचा असतो.”

राव इतकेच म्हणाले की, शुक्रवारी तू यंत्रखोलीत बसू नकोस, एकदा तरी समोर बस. बाईसाहेब बरे म्हणाल्या. रावांना त्या घटकेस पंपाचे दुःख नव्हते. चित्रपट पडला तर पडेल, परंतु जिच्यासाठी काढला तिला तो ऐकूनही हसू आले नाही, आणि ते आपल्याच जिन्यात हरवले, हे त्यांना सोसवेना.

शुक्रवारी सकाळी ते संकलकाकडे गेले आणि म्हणाले, पहिला टेक लावा. संकलक खुर्चीतून उठले. “बाद आहे तो. बाईंनी लाल शाईनं लिहिलंय. आणि त्यात त्या हसतायत, आख्खं!”

“असू दे. जिन्यात शेजारीपाजारी असतात की नाही? त्यातलं कोणी हसलं समजा.”

“त्यांना विचारलंत?”

“नाही.”

संकलकांनी चष्मा काढून पुसला. ध्वनिनवीस बाईसाहेबांचा बाद केलेला टेक त्यांच्या परवानगीवाचोन चित्रपटात जोडणे, हा त्या मुलखात राजद्रोहच होता. “मी फक्त बटण दाबलं,” संकलक म्हणाले, “असं लिहून द्या.” रावांनी लिहून दिले.

दुपारी दरबार भरला. साठ जण आपल्या जागी, मामा कोपऱ्यात टोपी ओढून, मेहुणेसाहेब आणि वहिनीसाहेब मधे, आणि बाईसाहेब अगदी शेवटच्या रांगेत, हात मोकळे, ते कोठे ठेवावेत हे न कळोन मांडीखाली दाबलेले. वितरकसाहेबांनी कापूस घातला आणि पडद्याकडे पाठ केली. चित्रपट सुरू जाहला. दगडी चेहरे. कपाट आले, मामा त्यात गेले, घर चिंतेत पडले, दार उघडले, मामा बाहेर आले, केस सारखे केले, आणि ते वाक्य बोलले. आणि मग भिंतीवरच्या भोंग्यांतून तीन उचक्या आल्या, आणि पाठोपाठ ते हसू सुटले.

टेकमध्ये कोणी हसले! साठच्या साठ माना एकदम मागे वळल्या, कारण दोन महिन्यांची सवय होती की, हसणारा कोण ते पाहावे आणि कपाटाकडे बोट दाखवावे. साठ जणांनी शेवटच्या रांगेकडे पाहिले. बाईसाहेबांनी आपला आवाज ओळखला, त्यांचा चेहरा उतरला, त्यांनी एकवार रावांकडे ऐसे पाहिले की राव खुर्चीत चार बोटे खाली सरकले, आणि मग हुकूम आपलाच म्हणोन त्या शिक्षा भोगण्यास सवयीने उठून उभ्या राहिल्या. उभ्या राहोन कपाट कोठे आहे ते शोधू लागल्या. चित्रगृहात कपाट कोठून असणार? ते समोर पडद्यावर होते. वीस फूट उंच. आणि मामा त्याचे दार उघडे धरून, नेमके त्यांच्याकडे पाहात, लवून, “या ना” ऐसी खूण करीत होते.

बाईसाहेबांचे खांदे हलले.

एक उचकी आली, मग दुसरी, तिसरीला त्यांनी तोंडावर हात दाबला, परंतु चौथीला काही उपाय चालला नाही. भोंग्यातले हसू आणि रांगेतले हसू एकमेकांत मिसळले. मग रंगभूषाकार बाईंचा पाढा सुटला. मग दिवेवाले, मग कॅमेरेवाले बरगडी धरून, मग दोन महिन्यांचे तुंबलेले सारे एकदमच फुटले, माणसे खुर्च्यांवरून खाली घसरली, वहिनीसाहेबांनी मेहुणेसाहेबांच्या पाठीत गुद्दे घातले, आणि कोपऱ्यात मामांनी टोपी वर सरकवली आणि साऱ्यांकडे पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

वितरकसाहेबांनी आधी एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्या. मग तीस वर्षांत जे कधी घडले नव्हते ते घडले. त्यांनी खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

“मागे घ्या,” ते म्हणाले, “मी काहीतरी चुकवलंय.”

“तीस वर्षं,” मामा म्हणाले.

चौथी तारीख मुक्रर जाहली आणि ती मोडली नाही. नवे पोस्टर छापण्यास सवड नव्हती, म्हणोन कपाटातून हात निघालेल्या भीतीच्या पोस्टरावरच ‘विनोदी’ ऐसी पट्टी डकवली. पहिल्या खेळास लोक जरा बिचकतच आले. राव आणि बाईसाहेब मागे दारापाशी उभे होते. मामांचे वाक्य आले, भोंग्यातून तीन उचक्या आल्या, आणि त्या हसण्याचे बोट धरून चारशे माणसे हसली. बाईसाहेबांनी डोळे मिटून ऐकले.

“अर्धा सेकंद आधी कापायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“रागावलीस?”

“घरी चल.”

कपाट आता रावांच्या घरी होते. वहिनीसाहेबांनी ते भाग्याचे म्हणोन नणंदेस देऊन टाकले होते, आणि ड्रॉवर आत ढकलून ते पहिल्याच खेपेस दारातून आत आले होते. बाईसाहेबांनी पर्स ठेवली, आणि निवाडा सांगितला की, बाद ठरलेला टेक ध्वनिखात्याच्या परवानगीवाचोन वापरल्याचा गुन्हा शाबीत आहे, सबब दिग्दर्शकाने पुढील चहापर्यंत कपाटात उभे राहावे. राव निमूटपणे आत गेले. दार बाहेरून लागले. आत अंधार होता आणि डांबरगोळ्यांचा वास होता. बाहेर चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला, कपबशी वाजली. राव अंधारातच, कोणास ऐकू जाऊ नये ऐसे हळू म्हणाले, “आत आणखी एक खोली निघेल.”

बाहेर कपबशी वाजायची थांबली. मग एक उचकी आली.

चहाला उशीर जाहला. दार उघडले तेव्हा बाईसाहेबांच्या हाती ध्वनीची वही होती, आणि पहिल्या टेकपुढचा लाल ‘बाद’ खोडून त्यावर निळ्या शाईने ‘ठेवणे’ लिहिले होते. पंपाचा भाग चौथा दुसऱ्या कोणी केला, तो चांगला जाहला म्हणतात. हास्यबंदी त्याच दिवशी उठली. ही सारी हकीकत लिहून ठेवण्याची आज्ञा बाईसाहेबांची, आणि लिहिणारा तो त्या दिवशी शेवटचा कपाटात उभा राहिलेला असामी. मजकूर त्यांना वाचून दाखवला. तीन ठिकाणी हसल्या. मोहीम फत्ते जाहली, ऐसे या बखरीत नोंदले असे.